आमिस भाषेत प्रश्न कसे विचारायचे: चार मुळं आणि त्यांचा गोतावळा

तैवानच्या पूर्व किनाऱ्यावर, ह्वालिएन आणि ताइतुंग या भागांत, आमिस लोक राहतात. तैवान सरकारने मान्यता दिलेल्या 16 आदिवासी समाजांत हा सर्वांत मोठा, दोन लाखांहून जास्त लोकांचा. त्यांची भाषा चिनी कुळातली नाही. ती ऑस्ट्रोनेशियन कुळातली आहे, म्हणजे तिचं नातं मलय, मादागास्करची मालागासी, न्यूझीलंडची माओरी यांच्याशी. या कुळातल्या तैवानमध्ये बोलल्या जाणाऱ्या मूळ भाषांना मिळून फॉर्मोसी भाषा म्हणतात.

कोणतीही नवी भाषा शिकताना मी प्रश्नवाचक शब्द आधी घेते. त्यांच्यावर बोलणं सुरू होतं आणि समोरच्या माणसाचं उत्तर हाच आपला पुढचा धडा होतो. आमिसच्या बाबतीत याला आणखी एक कारण आहे. तिथले प्रश्नवाचक शब्द सुटे पाठ करण्याची गरजच पडत नाही. चार मुळं आणि त्यांना लागणारे मोजके प्रत्यय कळले, की भाषेचं अर्धं व्याकरण हाती लागतं. मराठी माणसाला ते सोपं का जातं, हेही ओघात येईलच.

आधी उच्चार

आमिस रोमन लिपीत लिहितात. 2005 साली तैवानमध्ये आदिवासी भाषांसाठी अधिकृत रोमन लेखनपद्धती जाहीर झाली आणि पाठ्यपुस्तकं तीच वापरतात. इथे मी सगळं देवनागरीत देते आहे, म्हणून चार गोष्टी नीट लक्षात घ्या.

पहिली गोष्ट ‘च’. रोमनमध्ये त्यासाठी सी हे अक्षर आहे, पण उच्चार मराठीतल्या दंत्य ‘च’चा, म्हणजे ‘चोर’, ‘चमचा’ यांतला. त्याच्या पुढे ‘इ’ आली की तो आपोआप तालव्य होतो, ‘चिमणी’तल्यासारखा. मराठीत आपण हेच न शिकवता करतो. इंग्रजीतून आमिस शिकणारे इथे अडखळतात, तुम्ही अडखळणार नाही.

दुसरी गोष्ट ‘ङ’. आपल्याकडे तो फक्त जोडाक्षरात भेटतो, पण आमिसमध्ये शब्दाच्या सुरुवातीलाही येतो. ‘ङाङान’ म्हणजे नाव. ‘रंग’ म्हणताना ‘ग’ येण्याआधी थांबा आणि तिथूनच ‘आ’ सुरू करा.

तिसरी गोष्ट ‘ओ’ आणि ‘उ’. आमिसला या दोन स्वरांत अर्थाचा फरक नाही. त्यामुळे एकच शब्द कुणी ‘को’ लिहील, कुणी ‘कु’. दोन पुस्तकांत दोन लेखनं दिसली तरी गोंधळून जाऊ नका. रोमन ई मात्र आपल्या ‘अ’साठी वापरतात.

चौथी गोष्ट म्हणजे आघात शब्दाच्या शेवटच्या अक्षरावर पडतो. चि-मा, पि-ना, इ-चो-वा. मराठीच्या सपाट चालीत बोललात तरी समजेल, पण शेवट किंचित उचलला की ऐकणाऱ्याच्या कानाला ते घरचं वाटतं. शब्दात ’ असं चिन्ह दिसलं, तर तिथे घसा क्षणभर बंद करायचा.

वाक्याची घडण

मराठीत कर्ता आधी आणि क्रियापद शेवटी येतं. आमिसमध्ये उलट: जे सांगायचं ते आधी, ज्याच्याबद्दल सांगायचं ते नंतर. ‘कोमाअन काको’ म्हणजे ‘खातो मी’. ‘काको’ म्हणजे मी, ‘किसो’ म्हणजे तू. साहजिकच प्रश्नवाचक शब्दही बहुधा वाक्याच्या तोंडाशीच असतो.

नामाआधी एक छोटा शब्द लागतो आणि तो विभक्तीचं काम करतो. आपल्याकडे प्रत्यय नामाच्या शेपटाला लागतात, तिथे नामाच्या पुढ्यात उभे राहतात. सर्वसाधारण नामाला कर्त्याच्या जागी ‘को’, मालकी दाखवायला ‘नो’, कर्मासाठी ‘तो’. ‘हे नाम आहे’ एवढंच सांगायचं असेल तर ‘ओ’, आणि ठिकाणाला ‘इ’. माणसाच्या नावाला मात्र वेगळा शब्द आहे, ‘चि’. पानाय नावाची बाई असेल तर ती ‘चि पानाय’. हा ‘चि’ पुढच्याच पायरीवर लागणार आहे.

पहिलं मूळ: ‘मा’, म्हणजे कोण

‘कोण’ म्हणजे ‘चिमा’. आता तो उकला: ‘चि’ म्हणजे माणसाच्या नावाआधीचा शब्द आणि ‘मा’ हे मूळ. उत्तरात ‘चि पानाय’ येणार, म्हणून प्रश्नातही ‘चि’. प्रश्न आणि उत्तर एकाच साच्यात बसतात, फक्त ‘मा’च्या जागी नाव येतं. विभक्ती बदलली की तोही बदलतो:

चिमा — कोण
निमा — कोणाचं
चिमाआन — कोणाला

‘माओलाह काको चि पानायान’ म्हणजे ‘मला पानाय आवडते’. नावाला मागून ‘आन’ लागला. म्हणून ‘तुला कोण आवडतं?’ विचारताना ‘माओलाह किसो चिमाआन?’ ‘निमा’मधला ‘नि’ हा नावापुढे येणारा मालकीचा शब्द. ‘नि पानाय’ म्हणजे पानायचं.

मराठी माणसाची हमखास चूक होते ती नाव विचारताना. आपण ‘तुझं नाव काय?’ म्हणतो, आमिस लोक ‘तुझं नाव कोण?’ म्हणतात:

चिमा को ङाङान नो मिसो? — तुझं नाव काय?
चि पानाय को ङाङान नो माको. — माझं नाव पानाय.

इथे ‘काय’साठीचा शब्द वापरू नका. नाव ही वस्तू नसून त्यात माणूस आहे, म्हणून त्याला ‘चि’ लागतो आणि प्रश्नालाही. शेजारच्या अतायल भाषेत हीच रीत आहे: ‘इमा लालु सु?’, शब्दशः ‘कोण नाव तुझं?’ मलयमध्येही ‘सिआपा’ म्हणजे कोण, आणि नाव विचारताना तोच शब्द. एवढ्या दूरच्या भाषांनी ही रीत जपली आहे, हे मला फार विलक्षण वाटतं.

‘कोण’ वापरून कृतीबद्दल विचारायचं असेल, तर क्रियापदाला ‘आय’ जोडा. ‘मिफोतिङ’ म्हणजे मासे धरणं, ‘मिफोतिङाय’ म्हणजे मासे धरणारा. प्रश्न होतो ‘चिमा को मिफोतिङाय?’, अर्थात ‘मासे धरणारा कोण?’ मराठीत आपण ‘कोण मासे धरतंय?’ असं सरळ विचारतो, पण ‘धरणारा कोण?’ ही रचनाही आपल्याला परकी नाही. आमिसमध्ये विचार करताना हीच डोक्यात ठेवा.

दुसरं मूळ: ‘माआन’, म्हणजे काय

‘ओ माआन कोनि?’ म्हणजे ‘हे काय आहे?’ उत्तर ‘ओ फोतिङ कोनि’, हा मासा आहे. ‘ओ’ दोन्हीकडे तसाच राहतो, पुन्हा तोच साचा. हे एक वाक्य बाजारात घेऊन जा आणि बोट दाखवत विचारत सुटा. शब्दसंग्रह वाढवण्याचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही.

खरी गंमत पुढे आहे. ‘मि’ हा आमिसमधला अतिशय कामाचा उपसर्ग आहे. नामाला लावला की क्रियापद तयार होतं. ‘फोतिङ’ मासा, ‘मिफोतिङ’ मासेमारी करणं. ‘तिलिद’ हे लिहिण्याशी संबंधित मूळ, ‘मितिलिद’ शिकणं किंवा लिहिणं. आता हाच ‘मि’ ‘माआन’ला लावा:

मिमाआन किसो? — काय करतोयस?
मितिलिद काको. — अभ्यास करतोय.
मिफोतिङ काको. — मासे धरतोय.

आपण ‘काय’ आणि ‘करणं’ असे दोन शब्द वापरतो. आमिसमध्ये ‘काय’लाच क्रियापद करून टाकलं. म्हणजे प्रश्नवाचक क्रियापद! मराठीत असं काही नाही, त्यामुळे सुरुवातीला जीभ ‘करणं’ शोधत बसते. शोधू नका. ‘मिमाआन किसो?’ हे दोन शब्दांचं पूर्ण वाक्य आहे.

‘सा’ लावून ‘सामाआन’ होतं, यातून ‘कसं’ विचारता येतं. कर्मावर रोख असेल तर शेवटी ‘अन’ येतो, ‘सामाआनन’ म्हणजे ‘कसं करायचं?’ एखादा पदार्थ शिकताना किंवा टोपली विणताना हा शब्द सारखा लागतो.

मूळ दुप्पट केलं की ‘मामाआन’सारखं नव्हे, तर ‘माआमाआन’ असं रूप होतं आणि अर्थ ‘काहीही, सगळं काही’ असा पसरतो. आपलं ‘काय काय आणलंस?’ आठवलं की द्विरुक्तीने अर्थ असा का पसरतो ते समजावून सांगावं लागत नाही.

तिसरं मूळ: ‘चोवा’, म्हणजे ठिकाण आणि वेळ

हे मूळ सर्वांत श्रीमंत, म्हणून इथे वेळ द्या. ठिकाण विचारायचं तर पुढे ठिकाणाचा ‘इ’:

इचोवा को लोमा’ नो मिसो? — तुझं घर कुठे आहे?
इ कालिङको. — ह्वालिएनला. (‘कालिङको’ हे ह्वालिएनचं आमिस नाव. ताइतुंगला ‘पोसोङ’ म्हणतात, तैपेईला ‘ताइपाक’.)

दिशा विचारायची तर ‘ताला’, म्हणजे ‘च्याकडे जाणं’. ‘तालाचोवा किसो?’ म्हणजे ‘कुठे निघालास?’ पुन्हा प्रश्नच क्रियापद झाला. उत्तरातही ‘ताला’ तसाच ठेवा: ‘तालालोमा’ काको’, घरी निघालोय. शाळेला ‘पितिलिदान’ म्हणतात. वर आलेलं ‘तिलिद’ त्यात दिसतंय ना? पुढे ‘पि’ आणि मागे ‘आन’ लागून ‘जिथे शिकतात ती जागा’ झाली. म्हणून ‘तालापितिलिदान काको’, शाळेला निघालोय.

रस्त्यात भेटलेल्या ओळखीच्या माणसाला ‘तालाचोवा?’ विचारणं ही चौकशी नसून आपुलकीची हाक आहे. मराठी घरांतल्या जुन्या माणसांना मात्र हे खटकेल. बाहेर पडणाऱ्याला ‘कुठे’ विचारू नये, ‘कुणीकडे’ म्हणावं, असं आपल्याकडे मानतात. आमिस वस्तीत हा संकोच घरी ठेवून या.

‘कुठून’साठी ‘नाइ’. ‘नाइचोवा किसो?’ म्हणजे ‘कुठून आलास?’, ‘कुठला तू?’ उत्तर ‘नाइ ताइपाक काको’. अनेकांतून एक निवडायचं असेल, तर मघाचा ‘आय’ इथेही येतो. ‘इचोवाय’ म्हणजे ‘कुठला, कोणता’.

आणि वेळ? तीही याच मुळातून. ‘हाचोवा’ म्हणजे केव्हा. पुढे घडणाऱ्या गोष्टीबद्दल विचारताना त्याच्या आधी ‘आनो’ लावतात, ‘आनोहाचोवा’. हा ‘आनो’ दुसरीकडेही भेटतो, ‘आनोचिला’ म्हणजे उद्या. ‘काल’ला ‘इनाचिला’ म्हणतात. भविष्यासाठी ‘आनो’, भूतकाळासाठी ‘इना’, आणि झालेल्या गोष्टीची वेळ विचारतानाही ‘इना’ने सुरू होणारं रूप वापरतात. म्हणजे ‘केव्हा?’ हा प्रश्न तोंडातून निघतानाच तुम्ही पुढचं विचारताय की मागचं, हे ठरलेलं असतं. मराठी ‘केव्हा’ला हे कळत नाही, ते आपण क्रियापदावर सोपवतो. त्यामुळे इथे थांबून विचार करण्याची सवय लावा: गोष्ट झाली आहे की व्हायची आहे?

सरावासाठी चांगला प्रश्न म्हणजे ‘आनोहाचोवा को इलिसिन?’ इलिसिन हा आमिसांचा मोठा सुगीचा उत्सव. जुलै-ऑगस्टमध्ये गावोगावी वेगवेगळ्या तारखांना होतो, म्हणून हा प्रश्न खरोखर विचारावा लागतो.

चौथं मूळ: ‘पिना’, म्हणजे किती

इथे मराठी माणसाने हसतहसत पुढे जावं.

वस्तूंना ‘पिना’. ‘पिना को मिहचाआन नो मिसो?’ म्हणजे ‘तुझं वय किती?’, शब्दशः ‘किती वर्षं तुझी?’ माणसं मोजायची असतील तर पहिलं अक्षर द्विरुक्त करून ‘पापिना’:

पापिना को वावा नो मिसो? — तुला मुलं किती?
तातोसा को वावा नो माको. — मला दोघं आहेत.

‘तोसा’ म्हणजे दोन, ‘तातोसा’ म्हणजे दोघं. ‘तोलो’ तीन, ‘तातोलो’ तिघं. ‘सपात’ चार, ‘सासपात’ चौघं. इंग्रजीतून लिहिलेल्या व्याकरणांत हा भेद समजवायला परिच्छेद खर्च होतात. आपल्याला ‘दोन पुस्तकं, पण दोघं भाऊ’ एवढं म्हटलं की पुरे. ‘पिना’ म्हणजे किती, ‘पापिना’ म्हणजे किती जण.

पुढची दोन रूपंही अशीच आपल्या ओळखीची. ‘किना’ लावला की वेळा मोजल्या जातात. ‘किनातोसा’ म्हणजे दोनदा, म्हणून ‘किनापिना’ म्हणजे कितीदा. ‘साका’ लावला की क्रम लागतो. ‘साकातोसा’ म्हणजे दुसरा, म्हणून ‘साकापिना’ म्हणजे कितवा! हा ‘कितवा’ इंग्रजीत एका शब्दात विचारताच येत नाही, आमिसमध्ये सहज येतो. वारही असेच मोजतात. ‘साकापिना आ रोमि’आद आनिनि?’ म्हणजे ‘आज कितवा दिवस, कोणता वार?’

मुळांबाहेरचे दोघे: ‘नाउ’ आणि ‘हाउ’

‘का’ला आमिसमध्ये ‘नाउ’ म्हणतात, आणि ‘कारण की’ला ‘नाउहानि’. ‘हो की नाही’ अशा उत्तराच्या प्रश्नाला शेवटी ‘हाउ’ लागतो. मराठीत दोन्ही कामं एकटा ‘का’ करतो: ‘का आलास?’ आणि ‘आलास का?’ आमिसमध्ये ती वाटून दिली आहेत. ‘कोमाअन तो किसो हाउ?’ म्हणजे ‘जेवलास का?’ इथला ‘तो’ झालेली क्रिया दाखवतो, कर्माचा ‘तो’ वेगळा.

उत्तरात ‘हाय’ म्हणजे हो, ‘चाआय’ म्हणजे नाही. काही समजलं नाही तर ‘चाआय काफाना’ काको’, मला माहीत नाही. हे वाक्य आधी पाठ करा, रोज लागेल.

कुणाला कसं विचारायचं

‘तुम्ही’सारखं आदरार्थी सर्वनाम शोधू नका. ‘कामो’ हे अनेकवचन आहे, खरोखर बरेच जण असतील तेव्हाच वापरा. आदर संबोधनातून येतो. वडीलधाऱ्या पुरुषाला ‘फाकि’, वडीलधाऱ्या बाईला ‘फायि’, मोठ्या भावंडाला ‘काका’. हा ‘काका’ बहिणीलाही चालतो, हे ध्यानात असू द्या. संबोधन जोडलं की ‘किसो’ म्हणण्यात उद्धटपणा राहत नाही.

‘आपण’ मात्र भेटेल. ‘कामि’ म्हणजे आम्ही, ‘किता’ म्हणजे आपण, ऐकणाऱ्यासकट. हा भेदही आपल्याला जन्मापासून अवगत आहे.

आता हे सगळं एकत्र बघा. तैपेईत शिकणारी एक मराठी मुलगी ह्वालिएनच्या गाडीत एका वृद्ध आमिस गृहस्थांशेजारी बसली आहे असं धरून चालू:

— ङा’आय हो, फाकि! (नमस्कार, काका.)
— ङा’आय हो! चिमा को ङाङान नो मिसो?
— चि प्रिया को ङाङान नो माको.
— नाइचोवा किसो?
— नाइ ताइपाक काको.
— तालाचोवा किसो?
— ताला कालिङको काको.
— माफाना’ किसो तो सोवाल नो पाङचाह हाउ? (तुला पाङचाह लोकांची भाषा येते का?)

शेवटच्या वाक्यातला ‘पाङचाह’ शब्द महत्त्वाचा. ह्वालिएनकडचे बरेच लोक स्वतःला पाङचाह म्हणवतात. ‘आमिस’चा अर्थ मुळात ‘उत्तर’. समोरचा माणूस जे नाव वापरतो तेच आपणही वापरावं.

सरावाची पद्धत

प्रश्नवाचक शब्दांची यादी घोकू नका. प्रत्येक प्रश्न त्याच्या उत्तरासकट कागदाच्या दोन बाजूंना लिहा आणि दोघांत समान असलेला तुकडा अधोरेखित करा: चिमा आणि चि पानाय, मिमाआन आणि मिफोतिङ, तालाचोवा आणि तालालोमा’, साकापिना आणि साकातोसा. थोड्याच दिवसांत उलटंही जमू लागतं. कानावर एखादं वाक्य पडलं की ते कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे ते ओळखता येतं.

ऐकण्यासाठी तैवानच्या आदिवासी भाषांचं सरकारी शिक्षण-संकेतस्थळ ‘इ-पार्क’ विनामूल्य आहे. तिथे 16 भाषांच्या 42 बोलींचे श्राव्य धडे मिळतात, त्यांतल्या पाच बोली आमिसच्या. मांडणी चिनीत असली तरी धडे ऐकता येतात. सुरुवातीला एकच बोली धरा. इथे दिलेली रूपं मुख्यतः मध्य आणि किनारी भागांत चालणारी आहेत. उत्तरेकडे ‘फ’चा ‘ब’ झालेला ऐकू येईल, दक्षिणेत काही शब्दच वेगळे असतील.

शेजारच्या भाषांत डोकावायचं असेल तर

आमिस पक्की झाली की इतर फॉर्मोसी भाषांतले प्रश्न ओळखीचे वाटू लागतात. ‘कोण’ला पैवानमध्ये ‘तिमा’, बुनुनमध्ये ‘सिमा’, अतायल आणि सेदिकमध्ये नुसतं ‘इमा’. ‘किती’ची वाटचाल तर समुद्रापार जाते: पैवान ‘पिदा’, अतायल ‘पिरा’, सेदिक ‘पिया’, मालागासी ‘फिरी’, माओरी ‘हिआ’. ‘कुठे’च्या बाबतीत आमिस वेगळ्या वाटेने गेली. पैवान, अतायल, सेदिक या तिघीही ‘इनु’ म्हणतात, तिथे ‘चोवा’ शोधू नका.

या भाषा बोलल्याबद्दल शाळेत शिक्षा होत असे तो काळ पाहिलेली माणसं तैवानमध्ये आजही आहेत. 2017 साली आदिवासी भाषा विकास कायदा झाला आणि या भाषांना राष्ट्रीय भाषांचा दर्जा मिळाला. तरीही शहरात वाढलेली बरीच आमिस मुलं ही भाषा घरात नाही, वर्गात शिकतात. म्हणून परक्या देशातून आलेल्या कुणी ‘तालाचोवा किसो, फायि?’ असं विचारलं, तर पुष्कळदा उत्तराआधी उलट प्रश्नच येतो, ‘नाइचोवा किसो?’ त्याचं उत्तर तयार ठेवा: ‘नाइ’, आणि पुढे तुमच्या गावाचं नाव.